टोपीवरचा बिल्ला

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या तोंडावर नाराज असतो, हे मी तीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमचं ‘अंबिका फोटो’ आहे. फोटो आता नावालाच उरलाय. दिवसभर झेरॉक्स, लॅमिनेशन आणि क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो. डॉक्टर व्हायला लातूरला आलेली ही पोरं फोटो काढून झाला की स्क्रीनला बोट लावून सांगतात, "ताई, एवढे फोड काढा. थोडं गोरं करा." मी करून देते, पण तोंड चालू असतं माझं. "परीक्षा गोरेपणाची आहे का रे?" म्हटलं की हसतात आणि फोड काढूनच घेतात.

धुरपताबाई आल्या त्या दिवशीही मी अशाच एकाला झापत होते. ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांची बाई, निळ्या काठाचं पांढरं पातळ, हातात काठी. बरोबर नातू आनंदराज. तो नांदेडला सरकारी कचेरीत कारकून आहे. रेणापूरच्या पुढं त्यांचं गाव, तिथून एसटीनं आल्या होत्या. आनंदराजच्या काखेत चादरीत गुंडाळलेली मोठी फ्रेम होती. ती काउंटरवर ठेवून तो म्हणाला, "मॅडम, याच्यातला फक्त बिल्ला मोठा करून पाहिजे. एकदम साफ."

फोटोत खाकी कपड्यातला एक जवान माणूस होता. तिरकी टोपी, बारीक मिशी, मोठे पाणीदार डोळे. टोपीवर बिल्ला होता. मधे बिगुल, त्याच्याभोवती पानांची कमान. हे धुरपताबाईंचे वडील, साहेबराव. त्या पोटात होत्या तेव्हा सोलापूरला जाऊन पलटणीत भरती झाले. मोठी लढाई चालू होती. एकदा रजेवर आले, तान्ह्या पोरीला बघून गेले, मग हा फोटो पाठवला आणि पुढं काहीच नाही.

काहीच नाही म्हणणंही खरं नाही. एक इंग्रजी कागद आला होता. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, शाळा उर्दू, गावात इंग्रजी वाचणारं कुणी नाही. उर्दूचे मास्तर म्हणाले, लातूरला गेलो की वाचून घेतो. त्यांनी कागद ठेवून घेतला. पुढं रझाकारांच्या धामधुमीत मास्तरच गाव सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर कागदही गेला. गावानं आपल्या सोयीचा अर्थ लावला. साहेबराव पळून गेला, सोलापुरात दुसरी केली. धुरपताबाईंच्या आई नीलाबाई, त्यांनी बांगड्या काढल्या नाहीत की कुंकू पुसलं नाही. लोक त्यांना सवाष्णींत बसू देत नव्हते आणि विधवांत धरत नव्हते. अशी पस्तीस वर्षं काढली त्या बाईनं. ऐकताना मला राग कुणाचा करावा तेच कळेना, म्हणून मी आनंदराजवर डाफरले, "बिल्ल्यानं काय होणार आहे आता?"

त्यानं खिशातून कागद काढला. लढाईत मेलेल्या शिपायांच्या याद्या आता मोबाईलवर सापडतात म्हणे. त्यात त्याला तीन साहेबराव सापडले होते. एक मणिपूरच्या बाजूला मेलेला, एक इटलीत, एक सिंगापुराकडं कैदेत. गाव कुणाचंच नव्हतं. बापाचं नाव दोघांना नव्हतं आणि तिसऱ्याचं इंग्रजीत असं काही लिहिलं होतं की ते माणसाचं नाव आहे की औषधाचं, सांगता येऊ नये. पण तिघांच्या पलटणी वेगवेगळ्या होत्या. बिल्ला ओळखला की साहेबराव ओळखला. आनंदराजनं फोटो जुन्या बिल्ल्यांच्या जाणकारांच्या ग्रुपवर टाकला होता. तिथं महिनाभर भांडणं झाली. एक म्हणाला निजामाच्या फौजेचा, दुसरा म्हणाला ब्रह्मदेशातला. एका रिटायर सुभेदारानं मात्र सरळ सांगितलं, "बिगुल काही पलटणींचा असतो, पण याचं तोंड उलट्या बाजूला आहे. असा बिल्ला मी पाहिला नाही. साफ करून आणा, मग सांगतो."

"माय," धुरपताबाई मला म्हणाल्या, "आमच्या घरात समद्यांच्या तारखा हायत. मालकाची हाय, पोराची हाय, मायची हाय. पुण्यानुमोदनाला माणसं जमत्यात, वंदना व्हती, मेणबत्ती लावतो. बापाचीच तारीख न्हाई. यादीत तारीख लिव्हलेली हाय म्हणतो ह्यो. कोणचा त्यो कळला की झालं. डोळे मिटायच्या आत एक बार त्याच्या तारखेला मेणबत्ती लावायची हाय मला. लावली की मंग मी मोकळी."

मी फ्रेम उलटी केली, खिळे काढले. पुठ्ठ्यावर जांभळा शिक्का होता, ‘अंबिका फोटो, लातूर’. खाली पेन्सिलनं ४१२ आणि आमच्या अप्पांची सही. मला आनंदच झाला. "अहो मावशी, हा तर आमच्याच अप्पांनी मोठा केलेला!"

"तर! म्हणून तर हितं आले. सत्त्याहत्तर सालची गोष्ट. ल्हाना फोटू व्हता, एवढासा, माय चंचीत ठेवायची पानसुपारीसंगं. पार विटून गेलता. तुझ्या अप्पानं बघ कसा उठवला. मायनं बघितला. मंग म्हणली, लई साहेबावानी दिसायलाय." त्या हसल्या. "गावात म्हणत्यात, धुरपताचे डोळे बापावर गेले."

खरंच गेले होते. तसेच मोठे, बाहेरच्या कोपऱ्यात जरासे उतरते. मी फोटो स्कॅनरवर ठेवला आणि बिल्ला मोठा करत गेले.

तो जसजसा मोठा झाला तसतशा त्याच्यात रेघा दिसायला लागल्या. कुंचल्याच्या रेघा. जुन्या मोठ्या फोटोंवर टचिंग असतंच, त्यात नवल नव्हतं. मग मी पानं बघितली. उजव्या बाजूला पाच, डाव्या बाजूला चार. आणि डावीकडचं पाचवं पान मोडलेला हा बिल्ला मला ठाऊक होता.

लहानपणी आमच्या स्टुडिओत एक पत्र्याची पेटी होती. गिऱ्हाइकांना फोटोपुरते घालायला त्यात एक काळा कोट, दोन टाय, एक जरीची टोपी आणि लग्नातल्या बँडवाल्याची एक टोपी. ती कुणीतरी विसरून गेला होता. तिला पितळेचा बिल्ला होता, भांड्यांच्या बाजारात ठोकून घेतलेला. मधे बिगुल. मी तो फ्रॉकला लावून घरभर हिंडायची. डाव्या बाजूचं एक पान आधीपासूनच तुटलेलं होतं. माझ्या बोटाला तिथंच लागायचं.

"दिसतंय का काही?" आनंदराजनं विचारलं.

"आठ दिवसांनी या," मी म्हणाले. "वेळ लागेल." मी खोटं बोलत होते आणि धुरपताबाई मला आशीर्वाद देत होत्या.

आमचे अप्पा, चन्नबसप्पा, आता ऐंशीचे आहेत. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग दिवसभर ओसरीतल्या खुर्चीवर. हात थरथरतात, डोळ्यांची ऑपरेशनं झालीत. पण एके काळी उदगीर-निलंग्यापर्यंतचे लोक म्हणायचे, डोळे बसवावेत तर चन्नबसप्पानं. विटलेले, फाटलेले, वाळवी लागलेले फोटो यायचे आणि अप्पा त्यांतून माणूस उभा करायचे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तर लोक काय काय घेऊन आले. लग्नाच्या घोळक्यातलं नखाएवढं तोंड, मातीतून निघालेल्या कार्डावरचा अर्धा गाल. अप्पांनी त्यातून पूर्ण माणसं करून दिली. घेऊन जाताना लोक फोटो छातीशी धरून रडायचे. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. माझा बाप देवमाणूस आहे, असं मला वाटायचं. ते कधीपर्यंत वाटलं, ते मी तारखेनिशी सांगू शकते आता.

संध्याकाळी दुकान बंद करून घरी आले आणि चप्पल काढायच्या आत विचारलं, "अप्पा, चारशे बारा नंबर. रेणापूरकडचा शिपाई. त्याच्या टोपीवर बँडचा बिल्ला कशाला काढलात?"

त्यांनी बराच वेळ आठवलं. आठवलं हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं. "टोपीवर पांढरा डाग व्हता. चकाकी मारलेली. तोंडाच्या आधी डागच दिसायचा. डाग ठिवून फोटो कसा द्यायचा गिऱ्हाइकाला? काढला. मंग टोपी बोडकी दिसाय लागली. शिपाई हाय, बिल्ला पाहिजे की. पेटीत व्हता त्यो बघून काढला."

"त्या डागातच त्याचा बिल्ला होता अप्पा."

"आसंल," अप्पा म्हणाले. अगदी सहज म्हणाले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

एकच आशा होती. लहान फोटोवरून मोठा करताना आधी त्याची निगेटिव्ह काढतात आणि अप्पांनी एकही निगेटिव्ह कधी फेकली नाही. माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरून पडल्या आहेत, नंबर घातलेल्या पाकिटांत. पन्नाशीतले माझे गुडघे घेऊन मी दोन दिवस माळा चढले. तिसऱ्या दिवशी दुपारी चारशे बारा सापडली. पाकीट उंदरानं कुरतडलं होतं, आत निगेटिव्ह शाबूत. खाली उतरायचा धीर धरवेना. तिथंच कौलाच्या काचेखाली ती उजेडाला धरली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पांढरा डाग तिथं काळा दिसतो, आणि तो घालवायचा तर टोकदार पात्यानं हळूहळू खरडायचा. अप्पांचा हात त्यात फार सफाईचा. टोपीवर करंगळीच्या नखाएवढी जागा होती. ती खरडून खरडून आरपार झाली होती. तिच्यातून मला कौलं दिसत होती. आणखी एक गोष्ट दिसली. चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी टोपीची नुसती सावली होती, सपाट. ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं करून पाकीट बंद केलं.

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "तिघांतला एक सांगून टाक. तिला तारीख पाहिजे, दे एक तारीख. म्हातारी समाधानानं जाईल."

"आणखी एक डाग काढायचा का?" मी ताटावरून उठले. पण खरं सांगते, मला मोह झाला. झोपायच्या आधी मी मनात एक साहेबराव निवडूनसुद्धा ठेवला होता. मणिपूरचा. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून. इतकं सोपं होतं ते. आमच्या घराण्याचा धंदाच तो.

आठव्या दिवशी धुरपताबाई आल्या तेव्हा दुकानात अप्पा बसले होते. मी नको म्हणत असताना ऑटोनं आले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "बाई, त्या बिल्ल्याचा नाद सोडा. त्यो मी काढलेला हाय."

"तुमीच काढलाव की अप्पा फोटू. म्हाईत हाय."

"फोटो न्हाई म्हणत. बिल्ला. त्यो शिपायाचा न्हाई, बँडवाल्याचा हाय." त्यांनी मला खूण केली. मी जुन्या पेटीतून काढून आणलेला पितळेचा बिल्ला काउंटरवर ठेवला. धुरपताबाईंनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, तुटलेल्या पानावरून अंगठा फिरवला. आनंदराजला त्यांच्या आधी समजलं. त्यानं तीन साहेबरावांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"मंग खरा कुटं हाय?" धुरपताबाईंनी विचारलं.

"खरडला. डाग समजून खरडला मी." अप्पा म्हणाले. "तो ल्हाना फोटू असंल तर आणा. आता मशिनीवर उठंल काही तरी. आमची शिवकांता काढील."

"त्यो मायसंगं गेला." त्या अप्पांकडं न बघता बोलत होत्या. "माय मेली तवा चंची तिच्या कमरंलाच व्हती. बाया म्हणल्या, फोटू काढून घे. मी म्हणलं, राहू द्या. भित्तीला मोठा हाय की, चांगला. विटक्याचं काय करायचं? तिच्या हातात दिला आन् लावली आग." मग परत म्हणाल्या, "मीच दिला."

दुकानात दोन पोरं झेरॉक्ससाठी उभी होती, त्यांना मी हातानंच जा म्हटलं. मला वाटलं संपलं. आता त्या शिव्या देतील, काठी आपटतील. दिली असती एक अप्पांना तरी मी मधे पडले नसते. पण त्यांनी फ्रेम स्वतःकडं ओढली, काचेवर हात ठेवला आणि विचारलं, "अप्पा, डोळे तरी त्याचेच हायत ना?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. हो म्हणायला किती लागतं? एक अक्षर. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले, म्हणा, हो म्हणा. त्या रात्री ज्या खोट्यावर मी ताटावरून उठले होते, तसलंच खोटं आज मला त्यांच्या तोंडून हवं होतं.

"त्या फोटूत डोळेच न्हवते बाई," अप्पा म्हणाले. "टोपीची सावली व्हती. तुमी समोर स्टुलावर बसला व्हता. लेक हाय म्हणलं, बापाचेच असतील. तुमचे बघून बसवले."

धुरपताबाई फोटोकडं बघत राहिल्या. त्यांचे स्वतःचेच डोळे अठ्ठेचाळीस वर्षं भिंतीवरून त्यांच्याकडं बघत होते. "म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणून माय मोठ्या फोटूकडं कंदी बगत न्हवती. मला वाटायचं तिला दिसत न्हाई. माय जायच्या आदी दोन वर्सं त्यो भित्तीला व्हता आन् ही बाई चंची उघडून ल्हान्याकडंच बगत बसायची. मी भांडायची तिच्यासंगं."

आनंदराजनं फ्रेम चादरीत गुंडाळली. मी चहा मागवला होता, तो तसाच राहिला. अप्पांनी हात जोडले, त्यांनी ते बघितले नाहीत. बोळाच्या तोंडापर्यंत मी त्यांच्यामागं गेले. तिथं विचारलं, "मावशी, बस किती वाजता आहे?" "गावली तवा," त्या म्हणाल्या.

हे फाल्गुनातलं. श्रावणात आनंदराज एकटाच आला. त्याच्या डोक्यावरचे केस बारीक कापलेले बघूनच मला कळलं. आजी झोपेतच गेल्या, म्हणाला. त्या मोठ्या फोटोचं मी विचारलं. तो भिंतीवरच आहे. आजीनं काढू दिला नाही, पण शेवटचे चार महिने त्या त्याच्याकडं पाठ करून बसायच्या. बापाच्या नावची मेणबत्ती त्या भिंतीखाली लागली नाही ती नाहीच.

पुण्यानुमोदनासाठी त्याला आजीचा मोठा फोटो करून हवा होता. मोबाईलवर एकच नीट फोटो होता, अंगणात काढलेला. तो माझ्या स्क्रीनवर आला. हनुवटीवरचा चामखीळ, विस्कटलेले केस, पातळाला पडलेला डाळीचा डाग. उन्हानं डोळे मिटल्यासारखे झालेले. माझा हात सवयीनं माऊसवर गेला. डाग, केस, चामखीळ, पाच मिनिटांचं काम. आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये धुरपताबाईंचे उघडे डोळे होतेच, चारशे बारा नंबरच्या फोटोत, अप्पांनी समोर बसवून काढलेले. उचलून इथं ठेवायचे, की झालं.

"मॅडम," आनंदराज म्हणाला, "आजीनं सांगून ठेवलंय. माझ्या फोटूला कुणी हात लावायचा न्हाई."

मी खाली फक्त त्यांचं नाव आणि तारीख टाईप केली. तारीख त्याच्याकडून दोनदा विचारून घेतली. मग फोटो जसा होता तसा छापून दिला. डोळे दिसत नव्हते.